विश्लेषण : ई-२० पेट्रोल भरले आणि इंजेक्टर बिघडला… दोष नेमका कोणाचा?

सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, सिग्नलला उभी असताना थरथरते, घाटात पिकअप देत नाही आणि एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये नेल्यावर निदान हातोहात मिळते : ‘इंजेक्टर चोक झालाय, ई-२० मुळे.’ पंपचालक सांगतो, माल कंपनीचा. तेल कंपनी सांगते, इंधन मानकांनुसारच आहे. वाहन कंपनी मॅन्युअलमधील ‘ई-१० पर्यंत’ या ओळीवर बोट ठेवते. बिल मात्र गाडीमालकाच्या हातात राहते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून हा अनुभव सांगणारे अनेक जण आहेत आणि ‘या साऱ्या अफवा’ म्हणणारेही तितकेच. इथेनॉलमुळे इंजेक्टर खरेच बिघडतो का, बिघडत असेल तर कसा, आणि किट बसवून जुनी गाडी थेट इथेनॉलवर आणण्यात धोका कोणता, याचा हा आढावा.

ई-२० पर्यंत आपण कसे पोहोचलो?

या कथेची सुरुवात बऱ्याच अंशी महाराष्ट्रातली. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांतील दोन ठिकाणे मिरज आणि मनमाड. साखर कारखान्यांच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलला बाजार मिळावा हा त्यामागचा एक हेतू होता. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत कार्यक्रम अधिकृतपणे लागू झाला. पुढची दहा-बारा वर्षे तो रखडत चालला. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम १.५३ टक्के होते. नंतर वेग वाढला. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले गेले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळूरुत पंतप्रधानांच्या हस्ते ई-२० ची विक्री सुरू झाली, तेव्हा ते फक्त ८४ पंपांवर मिळत होते. २०३० साठी ठेवलेले २० टक्क्यांचे लक्ष्य आधी २०२५-२६ वर आणले गेले आणि प्रत्यक्षात २०२५ मध्येच गाठले गेले.

इथेच खरी अडचण आहे. नव्या गाड्यांमधील नळ्या, सील, पंप हे भाग ई-२० ला टिकतील असे बनवण्याची सुरुवात साधारण एप्रिल २०२३ पासून झाली. इंधन मात्र दोन वर्षांत सगळीकडे बदलले. म्हणजे २०१० ते २०२२ दरम्यान घेतलेल्या, अजून आठ-दहा वर्षे सहज चालतील अशा गाड्या एका इंधनासाठी घडवल्या गेल्या आणि दुसऱ्यावर धावू लागल्या. मालकाने काही न करता, काही न विचारता गाडीचे ‘इथेनॉल रूपांतर’ झाले. नेहमीच्या पंपावर दुसरा पर्याय जवळपास उरलेला नाही. डिझेल गाड्यांचा या वादाशी संबंध नाही, हेही सांगायला हवे. कारण डिझेलवाले मालकही हल्ली गॅरेजमध्ये हीच तक्रार ऐकून येतात.

इंजेक्टर नेमके काय करतो?

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी इवलीशी तोटी. टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पाठवतो. साध्या इंजिनात हा दाब तीन-चार बार असतो, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या आधुनिक टर्बो इंजिनात तो शेकडो बारपर्यंत जातो. इंजेक्टरच्या टोकाला मिलिमीटरच्या एक-दोन दशांश व्यासाची छिद्रे असतात. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, सुई किती मिलिसेकंद उचलायची हे ठरवतो. सुई जितका वेळ उघडी, तितके पेट्रोल आत.

पेट्रोलच्या प्रत्येक किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला सुमारे ९ किलो पुरते. याचा उलटा अर्थ असा की तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त ओतावे लागते. शिवाय त्यात दम कमी : लिटरमागे पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलमधून २१ च्या आसपास. इंजेक्टरच्या तक्रारींचा अर्धा उलगडा या दोन आकड्यांत आहे. उरलेला अर्धा आकड्यांत नाही, तो टाकीच्या तळाशी आहे.

२० टक्के इथेनॉलने इंजेक्टरवर ताण पडतो का?

पडतो, पण थोडा. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० सात-आठ टक्के जास्त फवारावे लागते. ई-१० च्या तुलनेत वाढ चार टक्क्यांच्या आसपास. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही हे सतत कळवत असतो आणि ईसीयू त्याप्रमाणे इंजेक्टरचा वेळ कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती सर्वसाधारण गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यापलीकडे गरज लागली की ईसीयू हात टेकतो आणि दिवा पेटवतो. स्कॅनरवर ‘पी ०१७१’ हा कोड दिसतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. केवळ ई-२० मुळे धडधाकट गाडी या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही.

तरी दोन पळवाटा आहेत. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना बहुतेक ईसीयू सेन्सरचे ऐकत नाहीत, कारखान्यात भरलेल्या तक्त्याप्रमाणे चालतात. तो तक्ता जुन्या इंधनाचा असेल तर नेमक्या याच दोन वेळी मिश्रण पातळ पडते. सकाळची कुरकुर आणि घाटातला दम न देणे या तक्रारींना म्हणूनच काही आधार आहे. ज्या गाडीचे इंजेक्टर आधीच दहा-बारा टक्के कमी फवारत होते, तिथे पूर्वी ईसीयू सांभाळून घेत होता. त्यात इथेनॉलची भर पडली की सांभाळायची जागा संपते. जुना आजार नव्या इंधनाने उघडा पडला, असे त्याचे वर्णन करता येईल. कार्ब्युरेटरवरील जुन्या दुचाकींना तर हा सेन्सरही नाही. त्यांचे मिश्रण हातानेच जुळवावे लागते.

अॅव्हरेज कमी होते का, हा प्रश्न आता वादाचा राहू नये. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे ६-७ टक्के घट होईल. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत १-२ टक्के. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जुन्या गाड्यांसाठी सांगितलेला आकडा ३ ते ६ टक्क्यांचा. ‘अॅव्हरेज निम्मे झाले’ असे सांगणाऱ्याच्या गाडीत इथेनॉलखेरीज दुसरेही काहीतरी बिघडलेले आहे, असे खुशाल समजावे.

मग इंजेक्टर चोक होतो तो कशाने?

इथेनॉल हे उत्तम द्रावक आहे. दहा वर्षे पेट्रोल भरलेल्या टाकीत, नळ्यांत चिकट थर बसलेला असतो. पत्र्याची टाकी असेल तर बारीक गंजही असतो. साध्या पेट्रोलने तो जागचा हलत नाही, इथेनॉल तो सोडवते. सुटलेला मळ आधी पंपाच्या जाळीवर, मग फिल्टरमध्ये आणि त्यातून निसटला तर इंजेक्टरच्या तोंडाशी असलेल्या सूक्ष्म जाळीवर जाऊन बसतो. ही सफाई एकदाच होते, त्यामुळे इंधन बदलल्यानंतरच्या पहिल्या काही टाक्यांत तक्रारी जास्त येतात. त्या काळात फिल्टर बदलला तर पुढचे बरेचसे टळते. गंमत अशी की अलीकडच्या अनेक गाड्यांत हा फिल्टर टाकीतल्या पंपाबरोबर एकत्रच बसवलेला असतो आणि सर्व्हिसच्या तक्त्यात तो बदलण्याची नोंदच नसते. ‘आयुष्यभर पुरेल’ असे गृहीत धरलेला तो भाग. कोणाच्या आयुष्यभर आणि कोणत्या इंधनावर, हे कोणी विचारले नव्हते.

दुसरे कारण इंधनाच्या शुद्धतेचे. इथेनॉलमध्ये सल्फेट क्षारांचा अंश राहिला तर तो पेट्रोलमध्ये मिसळल्यावर खाली बसू लागतो आणि इंजेक्टरच्या सुईवर, छिद्रांवर कडक पांढरट थर धरतो. हे भारतात शोधले गेलेले नाही. अमेरिकेत याच अनुभवावरून इंधनाच्या इथेनॉलमधील सल्फेटवर दहा लाख भागांत ४ भाग अशी मर्यादा घालण्यात आली. असा थर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे टाकीत ओतायच्या बाजारी ‘इंजेक्टर क्लीनर’च्या बाटलीने तो जाईलच असे नाही. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवावे लागतात.

तिसरे कारण पाणी. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पूर्वी टाकीत चमचाभर पाणी गेले तर ते तळाशी पडून राही. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवते. थोड्या प्रमाणात हे फायद्याचेच, कारण ते पाणी इंजिनातून वाफ होऊन निघून जाते. ई-२० हे ई-१० पेक्षा जास्त पाणी सामावून घेते. पण त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली, किंवा मर्यादेच्या काठावर असताना रात्री तापमान उतरले, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जाते आणि दोघे मिळून तळाशी वेगळा थर करतात. पंपाची सोंड नेमकी तळाशीच असते. इंजेक्टरमधून मग पेट्रोलऐवजी हे पाणीमिश्रित अल्कोहोल येते, गाडी बंद पडते आणि ते तिथेच राहिले तर सुई, पंप, टाकी यांना गंज चढू लागतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या, टाकी अर्धी रिकामी असलेल्या गाड्यांना हा धोका जास्त. मुंबईत नोकरीला आणि गाडी कोकणातल्या घरी, अशांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

पंपांच्या भूमिगत टाक्यांत पाणी शिरणे हा इथेनॉलचा दोष नाही. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरल्यानंतर बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघाले. तिथे इथेनॉलचा प्रश्नच नव्हता. फरक एवढाच, की इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या टाकीत पाणी गेले तर तेवढ्याच पाण्याने बिघडणाऱ्या इंधनाचे प्रमाण कितीतरी जास्त असते. त्यामुळे पंपांवरील साठवणुकीची शिस्त पूर्वीपेक्षा कडक हवी. ती तशी झाली आहे का, हा प्रश्न ई-२० च्या चर्चेत सर्वांत कमी विचारला जातो.

‘पेट्रोलमध्ये पाणी’ दाखवणाऱ्या चित्रफितींचे काय?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अशा अनेक चित्रफितींत काचेच्या नळीत पेट्रोल घेऊन त्यात थोडे पाणी घातले जाते, हलवले जाते आणि तळाशी जमलेला मोठा थर दाखवून ‘बघा किती पाणी!’ असे सांगितले जाते. १०० मिलिलिटर ई-२० मध्ये १० मिलिलिटर पाणी घातले की तळाचा थर ३० मिलिलिटरच्या आसपास होणारच. कारण पेट्रोलमधले २० मिलिलिटर इथेनॉल पाण्याकडे जाते. ही इथेनॉलचे प्रमाण मोजण्याची सोपी चाचणी आहे, भेसळीचा पुरावा नव्हे. पाणी न घालता, नुसते पेट्रोल काचेत घेऊन काही वेळ स्थिर ठेवल्यावरही तळाशी वेगळा थर दिसला किंवा ते गढूळ दिसले, तर मात्र शंका खरी.

रबर आणि धातूंवर परिणाम होतो का?

होतो, आणि सरकारनेही तो नाकारलेला नाही. मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या निवेदनात काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसमध्ये बदलता येतात, असे म्हटले आहे. इंजेक्टरवरचे छोटे ओ-रिंग यातच मोडतात. साधे नायट्राइल रबर इथेनॉलने फुगते, मग सुकल्यावर आक्रसते व तडकते. काही रबरांवर तर २०-३० टक्क्यांच्या मधल्या मिश्रणांचा परिणाम शुद्ध इथेनॉलपेक्षाही जास्त होतो. ओ-रिंग सुटला तर दाब कमी होतो, गरम इंजिनवर पेट्रोल झिरपते. ही नुसती अॅव्हरेजची बाब राहत नाही, आगीचा धोका असतो. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणू नये.

धातूंचे गणित थोडे वेगळे. पेट्रोल वीज वाहून नेत नाही, इथेनॉल थोडीफार नेते. त्यात पाण्याचा अंश असेल तर ॲल्युमिनियम आणि पितळेसारखे दोन धातू शेजारी असलेल्या ठिकाणी गंज वेगाने चढतो. मंत्रालयाच्या निवेदनातली ‘स्वस्त भाग’ ही भाषा रबरी नळीपुरती ठीक आहे. टाकीतला पंप-फिल्टर जोड किंवा थेट फवारणीच्या इंजिनाचे इंजेक्टर स्वस्त नसतात, ते त्या वाक्यात बसत नाहीत.

किट बसवून गाडी ‘इथेनॉलवर’ करता येते का?

तांत्रिकदृष्ट्या येते, आणि इंजेक्टरच्या खऱ्या मर्यादा तिथे दिसतात. फ्रान्समध्ये ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई-८५ करसवलतीमुळे बरेच स्वस्त मिळते, म्हणून साध्या पेट्रोल गाड्यांत छोटी पेटी बसवून घेण्याचे प्रमाण तिथे मोठे आहे. ही पेटी ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसते आणि ईसीयूने दिलेला वेळ लांबवून पुढे पाठवते. ई-८५ साठी सुमारे ४० टक्के जास्त इंधन लागते, म्हणून सुई तितकी जास्त वेळ उघडी ठेवायची.

गणित इथे अडते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चारस्ट्रोक इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. समजा, पूर्ण ताकदीवर मूळ इंजेक्टर त्यातले १४ मिलिसेकंद उघडा असतो. ई-२० साठी तो १५ होईल. काहीच अडचण नाही. ई-८५ साठी तो जवळजवळ २० होईल, म्हणजे सुईला मिटायला वेळच उरणार नाही. उघडझाप करणारी तोटी सतत वाहणारी नळी बनते, मोजमाप संपते, कॉइल तापते. त्याहून जास्त इंधन लागले तर ते मिळतच नाही. मिश्रण पातळ होते आणि इंजिन नेमके सर्वाधिक भारावर असताना जास्त तापते. पंपालाही तेवढाच जास्त प्रवाह द्यावा लागतो. म्हणून नीट रूपांतर करणारे अनेकदा मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप बसवतात, मग त्यासाठी ईसीयू नव्याने जुळवावा लागतो. थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही, तो वेगळा प्रश्न. फ्रान्समध्ये हिवाळ्यात ई-८५ मधील इथेनॉल यासाठीच कमी केले जाते.

फ्रान्सकडून घ्यावे ते तंत्र नव्हे, नियम. डिसेंबर २०१७ मध्ये तिथे या पेट्यांसाठी स्वतंत्र नियमावली आली. पेटी मान्यताप्राप्त हवी, ती प्रशिक्षित व्यक्तीनेच बसवायची, गाडीच्या नोंदणीत बदल करायचा आणि इंजिन तसेच धूरशुद्धी यंत्रणेला धक्का लागणार नाही याची हमी पेटीच्या उत्पादकाने द्यायची. बिघाड झाला तर कोणाकडे जायचे, याचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. कलम १८२-अ खाली त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ऑनलाइन मागवलेली पेटी गल्लीतल्या गॅरेजमध्ये बसवून घेणाऱ्याने वॉरंटी आणि विमा या दोन्हींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवावी.

आणखी एक सावधगिरी. पुण्यात जून २०२१ मध्ये तीन पंपांवर ई-१०० चा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर ‘इथेनॉल १००’ आणले गेले. यात ९३ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल, सुमारे पाच टक्के पेट्रोल आणि बाकी सहद्रावक असतो. हे इंधन फ्लेक्स-फ्युएल वाहनांसाठीच आहे. साध्या गाडीत ‘थोडे मिसळून पाहू’ म्हणून भरणे म्हणजे वर सांगितलेले सगळे त्रास एकाच टाकीत विकत घेणे.

ब्राझीलला जमते, ते आपल्याला का नाही?

ई-२० च्या समर्थनार्थ ब्राझीलचे नाव हमखास येते आणि ते रास्तही आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असते. पण त्यांचा कार्यक्रम १९७५ चा, निव्वळ इथेनॉलवर चालणारी पहिली मोठ्या उत्पादनाची गाडी १९७९ ची. मार्च २००३ मध्ये कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणारी फोक्सवॅगन गोल आली आणि पुढच्या काही वर्षांत नव्या गाड्यांत फ्लेक्स-फ्युएल हाच नियम झाला. तिथल्या गाड्यांचे इंजेक्टर, पंप, नळ्या इथेनॉल गृहीत धरूनच बनतात. थंडीत सुरू होण्यासाठी अनेक गाड्यांत वर्षानुवर्षे पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे. तिथे गाड्या तयार होत गेल्या तसतसे इंधन बदलले. आपल्याकडे इंधन दोन-तीन वर्षांत बदलले आणि रस्त्यावरच्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षांच्या आहेत.

गाडीमालकाने काय करावे?

प्रथम, निदानाआधी इंजेक्टर बदलू देऊ नये. गाडी मिसिंग करते याची कारणे झिजलेले प्लग, कमकुवत इग्निशन कॉइल, तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप अशी अनेक असतात आणि यांतील बरीच इंजेक्टरपेक्षा स्वस्तात निस्तरतात. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे पाहायला सांगावे, पेट्रोलचा दाब मोजायला सांगावा. एकाच सिलिंडरमध्ये त्रास असेल तर इंजेक्टर किंवा कॉइल. चारही सिलिंडरमध्ये असेल तर दोष बहुधा वरच्या बाजूला, म्हणजे फिल्टर, पंप किंवा इंधनात. इंजेक्टर काढलेच तर धुण्याआधीचा आणि नंतरचा प्रवाह मोजून लेखी मागावा. अनेक शहरांत अशी चाचणी करून देणारे आहेत. हा कागद पुढे तक्रारीत उपयोगी पडतो. ‘मेकॅनिक म्हणाला’ याला कोणी विचारत नाही.

२०२३ पूर्वीची गाडी असेल तर फिल्टर आणि इंधनाच्या रबरी नळ्या एकदा तपासून घ्याव्यात, मॅन्युअलमध्ये नसले तरी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा कमी. पंपावर घनता तपासण्याची आणि फिल्टर पेपर चाचणी करून दाखवण्याची मागणी करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. इंधन भरल्याबरोबर त्रास सुरू झाला तर पावती जपावी आणि टाकीतला नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत, शक्यतो साक्षीदारासमोर काढून ठेवावा.

भुर्दंड कोणी सोसायचा?

विनामिश्रण पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर इथेनॉलच्या प्रमाणाची स्पष्ट सूचना मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरण म्हणून सरकारची बाजू कमकुवत नाही. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचल्याचे मंत्रालय सांगते, आणि उसाचे पैसे वेळेवर मिळण्याशी इथेनॉलचा संबंध काय आहे हे कोल्हापूर-सांगलीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र ‘इथेनॉल मिसळले तर पेट्रोल स्वस्त का नाही’ याचे उत्तरही मंत्रालयाच्याच आकड्यात आहे : जुलै २०२५ अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत, वाहतूक व जीएसटीसह, लिटरमागे ७१.३२ रुपये होती. लाभ देशाच्या तिजोरीचा आणि शेतीचा. लिटरमागे कमी ऊर्जा आणि जुन्या गाडीची डागडुजी ग्राहकाची. ही वाटणी कधी उघडपणे मांडली गेली नाही, रोष त्यातून आला आहे.

पंपावर ठळक पाटी लावणे ही तर फारच साधी मागणी. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलच्या इंधनाला २००१ नंतरच्या गाड्यांसाठीच परवानगी मिळाली, तीही पंपावर नारिंगी इशारापट्टी लावण्याच्या अटीवर. दुचाकींत ते भरायला मनाई आहे. युरोपात २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणाजवळ ई-५, ई-१० अशी एकसारखी खूण असते. ती जुळली की भरायचे.

पुढची पायरी ई-२० वर थांबेल का, हेही ठरायचे आहे. सध्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ई-२० चा असून त्यापुढचा निर्णय आंतरमंत्रालयीन समितीच्या अहवालावर होईल, असे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. चर्चेत असलेला ई-२७ आला तर शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजेक्टरला दहा टक्क्यांहून थोडे अधिक इंधन द्यावे लागेल. नव्या गाडीला ते जड नाही. सांभाळून घेण्याची अर्धी मर्यादा मळ आणि झीज यांतच खर्ची पडलेल्या जुन्या गाडीचे काय होईल, हे प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या इंजेक्टरवरून कळणार नाही. त्यासाठी दहा वर्षे रस्त्यावर धावलेल्या, फिल्टर न बदललेल्या, पावसात भिजलेल्या गाड्या चाचणीला घ्याव्या लागतील आणि निष्कर्ष मॉडेलनिहाय, वर्षनिहाय जाहीर करावे लागतील.